नाशिक वायनरी वीकेंड: ५ माणसं, १ गाडी, १ माळकरी सासरे (प्लॅन तपासून द्या प्लीज)

मृण्मयी_ठाणे (४ जानेवारी)

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. २६ जानेवारी यंदा सोमवारी आलीय म्हणजे शनि-रवि-सोम सलग सुट्टी, तर नाशिकला वायनऱ्या बघायला जायचं ठरतंय. आम्ही पाच जण. मी, नवरा, पुण्याहून नणंद आणि तिचा नवरा, आणि आमचे सासरे. सासरे ७१ वर्षांचे, एसटीत ३१ वर्षं ड्रायव्हर होते, माळकरी आहेत. त्यांना घरी एकटं ठेवायचं नाहीये आणि ते स्वतःच म्हणाले की नाशिकला जाताय तर मीपण येतो, निवृत्तीनाथांचं दर्शन राहिलंय. आता त्यांना आम्ही त्र्यंबकला जातोय एवढंच सांगितलंय. बाकीचं अजून सांगितलं नाहीये. :(

माझा प्लॅन असा. शनिवारी सकाळी ठाण्याहून निघायचं, सुला, यॉर्क, सोमा, संध्याकाळी अजून एखादी. रविवारी दिंडोरीत शाँदों आणि चारोसा, येताना इगतपुरीला व्हॅलोने आणि ग्रोव्हर झॅम्पा. सोमवारी त्र्यंबक करून घरी. वाईनमधलं आम्हाला फार काही कळत नाही, लग्नाच्या वाढदिवसाला एक बाटली आणतो तेवढंच. काय बदलू सांगा.

गंगापूररोडवासी

ताई प्लॅन वाचून घाम फुटला. आठ वायनऱ्या!! हे म्हणजे अष्टविनायक झालं. तेही लोक दोन दिवसांत करतात पण तिथे तीर्थ चमचाभर मिळतं.

आणि मुख्य गोष्ट कोणी सांगितली नाही का, २६ जानेवारीला ड्राय डे असतो. सोमवारी बाटली मिळणार नाही, टेस्टिंग नाही. शनि-रविवारी चालेल पण सुट्टी सलग आहे म्हणजे आख्खी मुंबई आणि अर्धं पुणं गंगापूर रोडवर. मी बारदान फाट्याच्या पुढे राहतो, अशा वीकेंडला आम्ही दूध आणायलासुद्धा सकाळी सातच्या आत जाऊन येतो.

मृण्मयी_ठाणे

अरे देवा. ड्राय डे डोक्यातच नव्हता. मग १४-१५ फेब्रुवारी करू का? नणंदेला व्हॅलेंटाइन पण साजरा होईल म्हणतेय.

पुणेरी_पाटी

१५ फेब्रुवारीला महाशिवरात्र आहे. रविवारी. त्र्यंबकेश्वर ज्योतिर्लिंग आहे. पुढचं तुम्हीच समजून घ्या.

मृण्मयी_ठाणे

हाहाहा. मला कॅलेंडर कोणीतरी भिंतीवर लावून द्या. २१-२२ फेब्रुवारी? एकादशी वगैरे नाहीये ना बघितलं, नाहीये. सुला फेस्ट (त्यांचा गाण्याबजावण्याचा महोत्सव) पण फेब्रुवारीच्या सुरुवातीला असतं असं ऐकलं म्हणजे ते टळेल.

निफाडचा_नाना

२१-२२ चांगली तारीख. तोडणी चालू असंल. पांढरी द्राक्षं, म्हणजे चेनिन, सॉव्हिन्यों, बऱ्यापैकी काढून झालेली असतात तोवर, पण लाल शिराज कॅबर्नेचे घड झाडाला दिसतील. लोक दिवाळीत येतात आणि विचारतात द्राक्षं कुठंयत. अहो ऑक्टोबरात गोडी छाटणी झालेली असती, तेव्हा बागेत नुसत्या काड्या. फोटो काड्यांचा काढणार का.

मृण्मयी_ठाणे

नाना तुम्ही बागाईतदार आहात का? मग थोडं नीट सांगा ना, आम्हाला छाटणी म्हणजे काय तेपण माहीत नाही. आणि वाईनची द्राक्षं वेगळी असतात का?

निफाडचा_नाना

सांगतो, लांब होईल, मोबाईलवरून टाईप करतोय चुका पदरात घ्या.

आपल्याकडं वेलीची वर्षातून दोनदा छाटणी. एप्रिलात खरड छाटणी, त्यात पुढच्या वर्षीची काडी तयार होती. मग पावसाळा जाऊ द्यायचा आणि ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी, त्यातून घड निघतो. थंड देशात बर्फ पडतो, वेल आपोआप झोपती, वर्षाला एक छाटणी. आपल्या वेलीला झोपच नाही, म्हणून माणसानं कात्री घेऊन तिला सांगायचं की बाई आता फळ दे. म्हणून युरोपात वाईनची द्राक्षं सप्टेंबरात तोडतात आणि आपल्याकडं जानेवारी ते मार्च.

वाईनचं द्राक्ष वेगळंच. बाजारात खाता ते थॉमसन, सोनाका, तास-ए-गणेश, त्याला बी नाही, मणी मोठा करायला आम्ही जीएच्या (जिबरेलिक अॅसिड, फळ फुगवायचं औषध) डिप देतो, विरळणी करतो, एकेका घडापाशी उभं राहून. वाईनला मोठा मणी नकोच. बारका मणी, जाड साल, आत बी. रंग, वास, तुरटपणा सगळं सालीत आणि बीत. एकरी मालपण कमी धरायचा, जास्त धरला तर रस पाणचट. खाऊन बघा सांगतील तिथं, गोड लागंल पण दाताखाली साल चामड्यासारखी.

आता हे मला कसं माहीत, तर २००६ साली मीपण दोन एकर शिराज लावला होता. तेव्हा हवाच तशी होती. सरकारचं २००१ चं वाईन धोरण, एक्साइज माफ, विंचूरला वाईन पार्क, रोज नवीन वायनरीचं भूमिपूजन. एका वायनरीशी करार केला, नाव नाही सांगत. दोन वर्षं पैसे आले. मग २००८-०९ ची मंदी, हॉटेलं ओस, टाक्या भरलेल्या आणि तिसऱ्या वर्षी माझा माल उचलला पण चेक काही आला नाही. आणि वाईनचं द्राक्ष मार्केटला खपत नाही हो. कोण घेणार बी असलेलं. २०१० ला कुऱ्हाड लावली, थॉमसन लावला. माझ्यासारखे लय होते तेव्हा. आता जे उरलेत करारवाले त्यांचं बरं चाललंय, ते खोटं नाही बोलणार.

खडूसकाका

नानांची कहाणी वाचून वाईट वाटलं. पण मूळ धाग्याबद्दल, कुंभमेळ्याच्या नगरीत जाऊन दारू पिण्याचं प्लॅनिंग, तेही माळकरी वडिलांना फसवून. वाईन म्हणजे दारू नव्हे हे २०२२ पासून ऐकतोय, सुपरमार्केटात विकणार होते तेव्हापासून. चढते ना? मग दारूच.

रसायनी_रमा

काका दारूच आहे, १२-१३ टक्के अल्कोहोल असतं, कोण नाही म्हणतंय. साध्या, माइल्ड बिअरच्या दुपटीहून जास्त. उलट हे लक्षात ठेवलं तर बरं कारण टेस्टिंगमध्ये लोक "घोट घोट तर आहे" म्हणत गाडी चालवतात. गणित करून देते. एका टेस्टिंगला साधारण पाच वाईन्स, ३० मिलीच्या आसपास ओततात, म्हणजे दीडशे मिली. साठ किलोच्या बाईची रक्तातली कायदेशीर मर्यादा (१०० मिलीत ३० मिलीग्रॅम) एवढ्यात ओलांडली जाऊ शकते. पहिल्याच वायनरीत. पकडलं तर पहिल्या वेळी दहा हजार दंड आणि/किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. मृण्मयी, तुमच्या प्लॅनमध्ये आठ वायनऱ्या आहेत आणि गाडी कोण चालवणार हे कुठेच लिहिलेलं नाहीये!

पुणेरी_पाटी

अहो पण ३१ वर्षं एसटी चालवलेला, न पिणारा माणूस गाडीत बसलेला आहे. यांना ड्रायव्हरची काय चिंता.

गंगापूररोडवासी

+१००. कसारा घाट डोळे मिटून चालवला असेल काकांनी.

मृण्मयी_ठाणे

हो हो, ते माझ्या पण डोक्यात आलेलं. :D पण एक तर मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दिवसा चालवतात, अंधार पडल्यावर नाही. आणि दुसरं म्हणजे त्यांना सांगणार कोण? "बाबा तुम्ही आम्हाला वायनरीत सोडा आणि पिऊन झालं की घ्यायला या"?

सुमती_आत्या

मृण्मयी, मी एरवी इथे फक्त वाचते. खडूसकाकांचं बोलणं कडू आहे पण फसवून या शब्दाचा विचार कर. माझे वडीलही माळकरी होते. आम्ही भावंडं त्यांच्यापासून चोरून काय काय करायचो आणि त्यांना सगळं माहीत असायचं. त्यांना वाईट आमच्या खाण्यापिण्याचं नाही वाटलं, चोरून केल्याचं वाटलं. ज्याने ३१ वर्षं एसटी चालवली त्याने आयुष्यात किती प्रकारची माणसं बघितली असतील! सांगून टाक सरळ. नको म्हणाले तर त्र्यंबक करून या, वायनऱ्या कुठे पळून जात नाहीत.

मृण्मयी_ठाणे

आत्या... विचार करते.

बंड्या_बे_एरिया

आमच्या इथे नापा (कॅलिफोर्नियातला वायनऱ्यांचा भाग) तासाभरावर आहे त्यामुळे दर पाहुण्याला घेऊन जावं लागतं, त्या अनुभवावरून. दिवसाला दोन, फार तर तीन. तिसऱ्यापाशी सगळ्या वाईन्स सारख्याच लागतात. जेवून जा, रिकाम्या पोटी नाही. टेबलावर एक बादली किंवा मडकं ठेवलेलं असतं, त्यात उरलेली ओतून टाकली तर कोणी अपमान मानत नाही, उलट जाणकार समजतात. आपल्या लोकांना पैसे दिलेत म्हणून संपवायचीच सवय. पानात टाकायचं नाही ही शिकवण इथे विसरा.

बाकी नापामध्ये टेस्टिंगचे दर इतके वाढलेत की नाशिकची दोन दिवसांची ट्रिप होईल त्यात.

खडूसकाका

आलं नापा. वाटच बघत होतो.

गंगापूररोडवासी

हाहा. बंड्याभाऊंचं म्हणणं मात्र बरोबर. मी माझा प्लॅन टाकतो, बघा पटतोय का.

ठाण्याहून आमण्याला समृद्धीवर चढा. जून २०२५ पासून इगतपुरीपर्यंतचा शेवटचा तुकडा उघडलाय, जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा आहे, कसारा घाटातले ट्रक टळतात. इगतपुरीला उतरलात की व्हॅलोने आणि ग्रोव्हर झॅम्पा दोन्ही सांजेगावच्या बाजूला, मुकणे धरणाच्या परिसरात. या दोन्ही तुम्ही शेवटी ठेवल्यात त्या पहिल्या घ्या, कारण त्या वाटेवर आहेत आणि नाशिक त्यांच्या पुढे आहे. मी व्हॅलोनेला जाईन, लहान आहे, जेवण चांगलं, बसलं की समोर पाणी दिसतं. आधी फोन करून टेबल सांगा. दुपारचं जेवण तिथे.

मग नाशिक, हॉटेलवर पडा तासभर. संध्याकाळी पाच-सव्वापाचला यॉर्क. सुलाच्या पुढे अगदी जवळ आहे, २०२१ पासून सुलाचीच कंपनी आहे ती. वरच्या व्हरांड्यातून गंगापूर धरणावर सूर्य मावळताना दिसतो. पहिला दिवस संपला. रविवारी सकाळी सुलाची पहिली टूर. तेव्हा टाक्या, बॅरल नीट बघता येतात, गाईडला प्रश्न विचारता येतात. दुपारी घरचा रस्ता. सोमा बॅकवॉटरला आहे, राहायला छान, पण तुम्ही एकच रात्र आहात तर सोडा. दिंडोरी आख्खी सोडा, शाँदोंला तर आधी वेळ ठरवूनच जावं लागतं.

एक राहिलं. २०२७ चा सिंहस्थ जवळ आलाय, शहरात जागोजागी खोदलंय. गुगल जे सांगेल त्यात अर्धा तास मिळवा.

पुणेरी_पाटी

नणंदबाई पुण्याहून कशा येणार? चाकण सकाळी सहाच्या आत ओलांडा एवढंच सांगतो. नारायणगावला मिसळ. अवांतर: वाईनचा इतिहास बघायचा तर नारायणगावलाच सुरुवात आहे खरं तर. इंडाज ही वाईन कंपनी तिथलीच, ऐंशीच्या दशकात चौगुल्यांनी शॅम्पेनच्या पद्धतीची वाईन काढली होती, ओमर खय्याम नावाने परदेशात जायची. नाशिक त्यानंतरचं. पुढे ती कंपनी बुडाली.

रसायनी_रमा

आणि सुलाचं पण अवांतर. संस्थापक राजीव सामंत स्टॅनफर्डला शिकून ओरॅकलमध्ये नोकरी करून परत आले, आधी आंबे वगैरे लावून पाहिले, मग १९९७ च्या सुमाराला सॉव्हिन्यों ब्लां आणि चेनिन ब्लां लावली, पहिली बाटली २००० ला आली. आईचं नाव सुलभा, त्यावरून सुला. मला वाटायचं काही तरी स्पॅनिश शब्द असेल. :)

टूरला गेलात की तीन गोष्टी मुद्दाम बघा. एक, स्टीलच्या टाक्यांना बाहेरून गार पाण्याचं वेष्टण असतं. फेब्रुवारीत नाशकात दुपारी तीसच्या वर जातं, तेवढ्या उष्णतेत रस आंबवला तर भराभरा आंबतो आणि फळाचा वास उडून जातो, म्हणून पांढरी वाईन पंधरा-सोळा डिग्रीला निवांत आंबवतात. दोन, लाल वाईन सालीसकट आंबवतात, रंग रसात नसतो सालीत असतो, नाना म्हणाले तेच. तीन, ओकची पिंपं. साधारण २२५ लिटरचं एक. तिथे नाक खुपसून वास घ्या, व्हॅनिलासारखा येतो, मग तोच रिझर्व्ह लिहिलेल्या बाटलीत शोधा.

चाखताना क्रम पांढऱ्याकडून लालकडे. सॉव्हिन्योंमध्ये मला हिरवी ढोबळी मिरची आणि पेरू येतो. चेनिन गोडसर, नवख्या लोकांना आवडतेच, नणंदेला ती आवडेल लिहून देते. शिराज मटणाबरोबर. शब्द नाही सुचले तर "आवडली", "नाही आवडली" एवढं पुरतं, कोणी परीक्षा घेत नाही.

वडोदेकर

आम्ही दर वर्षी सापुतारा, वणी, दिंडोरी मार्गे येतो. मजा अशी की बाटल्या बघायच्या, विकत घ्यायच्या नाहीत. म्हणजे घेऊ शकतो पण नेणार कुठे, गुजरातेत दारूबंदी, सापुताऱ्याला सीमेवर तपासतात. एकदा मेहुण्याने मोह आवरला नाही, दोन बाटल्या घेतल्या, मग वणीला लक्षात आलं. गडावर जाणाऱ्या रस्त्यावर गाडीत बसून हा माणूस विचार करतोय काय करू. शेवटी नाशिकच्या मावशीकडे परत नेऊन ठेवल्या, अजून तिथेच आहेत, मावशी त्यांच्यावरची धूळ पुसते दर दिवाळीला.

रसायनी_रमा

कोणत्या साली? पांढरी असेल तर मावशींना सांगा टाकून द्या, हाहा. आपल्याकडच्या बहुतेक पांढऱ्या वाईन्स वर्ष-दोन वर्षांत प्यायच्या असतात.

मृण्मयी_ठाणे

ते पायाने द्राक्षं तुडवतात ते असतं का फेब्रुवारीत? नणंदेला फोटो हवेत.

निफाडचा_नाना

असतं. हंगामात वीकेंडला ठेवतात. त्या रसाची वाईन करत नाहीत, निश्चिंत राहा. पण खाज सुटती पायाला नंतर, पाणी मारून घ्या.

मृण्मयी_ठाणे (१९ जानेवारी)

अपडेट. सांगितलं बाबांना. काल रात्री जेवताना नवऱ्याने विषय काढला, मी पोळ्या करत होते म्हणजे खरं तर पोळ्यांच्या आड लपले होते. तो म्हणाला बाबा नाशिकला आम्ही द्राक्षाच्या बागा पण बघणार आहोत. बाबा म्हणाले, "बागा का कारखाना?" नवरा गप्प. मग बाबा म्हणाले, "तुझ्या बहिणीने आठ दिवसांपूर्वीच पुण्याहून फोनवर विचारलंय मला, चालेल ना म्हणून. तुम्ही कधी सांगताय तेच बघत होतो."

म्हणजे नणंदेने आम्हाला न सांगता सांगून टाकलं आणि आम्ही दोघं इथे धागे काढतोय!!! पुढे म्हणाले मी सकाळी त्र्यंबकला जाणार, तुम्ही तुमचं बघा, आणि गाडी मी चालवणार, तुमच्यापैकी कोणी हात लावायचा नाही.

सुमती_आत्या

बघ.

खडूसकाका

काकांना माझा नमस्कार सांगा. गाडीचा मुद्दा एकदम बरोबर.

गंगापूररोडवासी

मग सोपं झालं. रविवारी काका उजाडताच त्र्यंबकला जातील, गंगापूर रोडवरून तीसएक किलोमीटर. त्र्यंबकेश्वराच्या दर्शनाची रांग रविवारी मोठी असते, पण निवृत्तीनाथांच्या समाधी मंदिरात त्या मानाने निवांत असतं, पौष वद्य एकादशीची यात्रा पण होऊन गेलेली असेल. दहा-साडेदहापर्यंत परत येतील, तोवर तुमची टूर संपते. शनिवारी संध्याकाळी यॉर्कला मात्र लोकल गाडी सांगा, काका अंधारात चालवत नाहीत म्हणालात. जायला अॅपवरून मिळेल, परत यायला रात्री तिकडे कोणी येत नाही, नेणाऱ्यालाच थांबायला सांगा.

मृण्मयी_ठाणे (२४ फेब्रुवारी)

जाऊन आलो. वृत्तांत देते, फोटो नंतर, लोड होत नाहीयेत.

शनिवारी उजाडल्यावर, सातला निघालो. समृद्धीच्या बोगद्यात शिरल्यावर बाबा पहिल्यांदा बोलले, की घाटात ब्रेक तापून एसटी उभी करायचो ती जागा आता वर डोक्यावर कुठे तरी असेल. मग त्यांना रात्रीच्या फेऱ्या वगैरे आठवत गेल्या, इगतपुरी कधी आली कळलंच नाही.

व्हॅलोनेला आधी फोन केला होता, जागा मिळाली. तीन वाईन चाखल्या. चौथ्या ग्लासाला मी बंड्याभाऊंचं ऐकून ओतून दिली आणि नवऱ्याने असं बघितलं जसं काही दागिना फेकला. बाबा बाहेर बसले होते, लिंबूसरबत घेऊन, पाण्याकडे बघत. जेवण सगळ्यांनी एकत्र केलं, बाबांसाठी कांदालसूण नसलेलं काही होईल का विचारलं तर करून दिलं.

संध्याकाळी नानांचं... नाही, गंगापूररोडवासींचं ऐकलं नाही याची शिक्षा मिळाली. जाताना अॅपवरून गाडी आली, थांबायला सांगायला विसरलो. सूर्यास्त खरंच सुंदर, पाण्यावर केशरी पट्टा पडला होता. नणंदेला चेनिन आवडली (रमाताई जिंकल्या). आणि मग रात्री साडेआठला तीन गाड्यांनी बुकिंग रद्द केलं. चाळीस मिनिटं गेटपाशी, थंडी, नणंदेच्या पायात चपला. शेवटी हॉटेलच्या ओळखीने एक रिक्षावाले दादा आले, त्यात चौघं.

रविवारी बाबा पाचला उठून, आंघोळ करून, उजाडताच गेले. आम्ही टूर केली, टाकीला हात लावून बघितला तर खरंच गार, बॅरलरूममध्ये नाक खुपसलं, व्हॅनिला आलं. द्राक्षं तुडवली. खाज सुटली. हे सगळं होऊन बाहेर आलो तर बाबा दिसेनात. फोन उचलेनात. गाडी पार्किंगला होती.

सापडले ते बागेच्या कडेला. तोडणीच्या टोळीतला एक जण भाकरी खायला बसलेला, बाबा त्याच्याशेजारी बांधावर. तो पेठ तालुक्यातला निघाला. बाबांनी पूर्वी नाशिक-पेठ फेरी केलेली, त्याच्या गावच्या फाट्यावर गाडी थांबवायचे. दोघांची बोलणी चालू होती की तो फाटा आता कसा ओळखू येत नाही. त्याने बाबांना तोडलेला शिराजचा एक घड दिला होता. बाबांनी तो आम्हा सगळ्यांना एकेक मणी वाटला, त्र्यंबकच्या प्रसादाबरोबर. हातावर साखरफुटाणे आणि त्यावर काळा मणी. नाना, साल खरंच चामड्यासारखी.

येताना बाटल्या तीन घेतल्या, एक लाल, एक पांढरी, एक बुडबुड्यांची. बाबांनी डिकीत ठेवू दिल्या नाहीत, म्हणाले उन्हात काच तापते, पायाशी ठेवा. नाशिकचा चिवडा मात्र डिकीत.

निफाडचा_नाना

वाचून बरं वाटलं. पुढच्या वेळी काकांना घेऊन निफाडला या, नांदूर मध्यमेश्वरला पक्षी दाखवतो, आणि बिनबियाची द्राक्षं खायला घालतो. पेठ, सुरगाण्याची माणसंच तोडणी करतात आमच्याकडं पण. त्यांच्याशी बोलायला बसणारा पाहुणा मी तरी बघितला नाही.

पुणेरी_पाटी

वृत्तांत छान. नणंदबाईंनी चाकण किती वाजता ओलांडलं?

मृण्मयी_ठाणे

सव्वाआठ. त्यावर बोलायचं नाही असं ठरलंय.

एक शेवटचा प्रश्न. लाल बाटली वाढदिवसाला उघडायचीय, जूनमध्ये. फ्रिजमध्ये जागा नाही, देवघर हॉलमध्ये आहे म्हणून तिकडे नको वाटतं, म्हणून माळ्यावर ठेवू का?

रसायनी_रमा

माळा नको गं, मे महिन्यात तिथे भट्टी असते. बूच कॉर्कचं असेल तर आडवी ठेव, फिरकीचं झाकण असेल तर कशीही चालेल. पलंगाखाली, अंधारात, एखाद्या जुन्या साडीत गुंडाळून. आणि उघडण्याआधी वीस मिनिटं फ्रिजच्या दारात ठेव, जूनमध्ये ठाण्यात लाल वाईनसुद्धा कोमट लागते.

मृण्मयी_ठाणे

बाबा म्हणतायत त्यांच्या पलंगाखाली जागा आहे.